ईपरची एक दिवसाची रणांगण सहल : गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

मेहरूणकर

राम राम मंडळी. मुलगा आइंडहोवनला असतो, यंदा एप्रिलात आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. ट्युलिप, पवनचक्क्या, कालव्यातल्या बोटी ह्यावर इथे पुष्कळ धागे आहेत त्यामुळे ते सोडतो. बेल्जियममध्ये ब्रुजला मुक्काम होता, तिथून ईपरची एक दिवसाची सहल केली, पहिल्या महायुद्धाची रणांगणं आणि स्मारकं दाखवतात ती. मराठीत त्याबद्दल फारसं काही सापडलं नाही म्हणून लिहितोय. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

पोराचं म्हणणं होतं पप्पा भाड्याची गाडी घेऊ, मॅप आहे मोबाईलमध्ये, कशाला माणशी शंभर युरोच्या आसपास घालवायचे. हिचं वेगळंच, शेतं बघायला एवढ्या लांब कशाला, शेतं काय आपल्या असोद्याला नाहीत का. मी हट्ट धरला. आठ जणांची व्हॅन होती, गाईड म्हणजे एक रिटायर शिक्षक, तिथलाच माणूस, सावकाश इंग्रजी बोलणारा. आणि आता सांगतो, तो नसता तर हिचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं, कारण तिथे खरंच बघायला काही नाहीये. सपाट जमीन, बटाटा, मका, गाई, लाल विटांची घरं. १९१४ ते १९१८ ह्या चार वर्षांत त्या एवढ्याशा पट्ट्यात लाखो माणसं मेली हे जमिनीकडे बघून कोणाच्या बापाला कळणार नाही.

पहिला थांबा टाइन कॉट. कॉमनवेल्थच्या युद्ध स्मशानभूमींमधली ही जगातली सगळ्यात मोठी, जवळजवळ १२,००० कबरी, त्यातल्या ८,००० च्या वर माणसांची ओळखच पटलेली नाही. मागच्या भिंतीवर आणखी जवळजवळ ३५,००० बेपत्ता लोकांची नावं. आत जाताना एक बाईचा आवाज स्पीकरवर नाव आणि वय, नाव आणि वय असं वाचत असतो, एकोणीस, बावीस, एकवीस. लोक भराभर फोटो काढायला लागले तर गाईडने सगळ्यांना थांबवलं आणि कबरींकडे पाठ करून उभं केलं. म्हणे समोर काय दिसतं? समोर शेतं आणि लांबवर ईपर गावातले मनोरे. म्हणे तुम्ही आत्ता जर्मन आहात, ही टेकडी तुमची आहे, आणि ते लोक खालून तुमच्याकडे चालत येताहेत. आता टेकडी म्हणजे काय, समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०-६० मीटर, आपल्याकडे त्याला कोणी चढही म्हणणार नाही. पण त्या सपाट मुलखात ज्याच्याकडे ती त्याला सगळं दिसतं. ती घ्यायला ३१ जुलै १९१७ पासून नोव्हेंबरपर्यंत लढत होते, पाऊस लागलेला, तोफगोळ्यांनी शेतातले पाणी काढायचे चर फुटलेले, त्यामुळे पाणी जायला जागाच नाही आणि सगळा चिखल. चिखलात रुतणं म्हणजे काय ते काळ्या जमिनीवाल्यांना सांगायला नको, पण तिथे जखमी माणूस फळीवरून घसरला की बुडून मरायचा.

तिथेच मधोमध जो मोठा क्रॉस आहे त्याच्या पायऱ्यांत एक चौकोनी जागा उघडी ठेवलीय, आत काँक्रीट दिसतं. ते जर्मनांचं मशीनगनचं ठाणं, त्याच्यावरच क्रॉस बांधलाय. मी दोनदा तिथून पुढे गेलो होतो, सांगेपर्यंत लक्षात आलं नाही.

मग लांगमार्कला जर्मनांची स्मशानभूमी. ही मुद्दाम बघा. इंग्रजांकडे पांढरे दगड, गुलाब, हिरवळ कापलेली. इथे ओकची झाडं, अंधार, जमिनीशी सपाट काळपट दगड आणि एकाच मोठ्या खड्ड्यात हजारोंच्या हजार. एकूण ४४,००० च्या वर माणसं आहेत तिथे. हरलेल्यांचं दुःख कसं दाबून ठेवलेलं दिसतं. ही तिथे बराच वेळ काही बोललीच नाही, नाहीतर बाईला गप्प करणं सोपं नाही.

दुपारी ईपर. गाव युद्धात पार भुईसपाट झालेलं, नंतर जुन्या नकाशांवरून होतं तसं परत उभं केलं, म्हणजे जे चारपाचशे वर्षांचं वाटतं ते खरं जेमतेम शंभर वर्षांचं. कापडबाजाराच्या भल्यामोठ्या इमारतीत म्युझियम आहे, छान आहे, पण थकायला होतं, पायांचं बघून जा.

आता महत्त्वाचं. बुकिंग करताना बघा की सहल रात्री आठपर्यंत थांबते का. बऱ्याच सहली साडेपाचला परत निघतात. मेनिन गेट म्हणून एक प्रचंड कमान आहे, तिच्या भिंतींवर ५४,००० च्या वर नावं आहेत, ज्यांचं प्रेतसुद्धा सापडलं नाही त्यांची. तिथे १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता गाडीरस्ता बंद करून बिगुल वाजवतात. रोज म्हणजे रोज, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव होतं तेवढा काळ सोडून. आणि त्या भिंतीवर चारशेच्या वर नावं आपल्या लोकांची आहेत. सिंग, खान, थापा, गुरुंग. ती मात्र गाईडने मी विचारल्यावर दाखवली, हे लिहून ठेवतो.

प्रश्न असतील तर विचारा.

शेवभाजी

मस्त लिहिलंय काका. दोनच प्रश्न, एक म्हणजे शाकाहारी जेवणाचं काय आणि दुसरं, आमच्या नानांचे गुडघे गेलेत, चालणं किती आहे?

मेहरूणकर

जेवणाचं विचारू नका. फ्राईज चांगल्या मिळतात, चीजचे क्रोकेट म्हणून एक तळलेला प्रकार असतो तो खाल्ला. हिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, व्हॅनमधल्या एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने ती चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितली. चालणं फार नाही, प्रत्येक थांब्याला गाडी दारापर्यंत जाते, पण खंदक दाखवतात तिथे ओली माती आणि उतार आहे, नानांना तिथे गाडीतच बसू द्या.

तापी_पूर्णा

वाचलं. रागावू नका पण एक विचारतो. ती लढाई कोणाची? इंग्रज आणि जर्मन भांडत होते युरोपात, आपली माणसं पगारासाठी आणि पेन्शनीसाठी नेली, आणि आता आपण शंभर शंभर युरो देऊन त्यांच्या कमानीखाली उभं राहून डोळे पुसायचे? मला नाही पटत. तिथे शेजारी चॉकलेटच्या आकाराची लोखंडी टोपी पण विकत असतील.

मेहरूणकर

तापीभाऊ, चॉकलेटची दुकानं आहेत, खोटं कशाला बोलू, आणि लाल पॉपीचं फूल (त्या युद्धाच्या आठवणीची खूण) छापलेले मग, छत्र्या, टाय, सगळं. ते मलाही रुचलं नाही. पण पगारासाठी गेला म्हणून त्याचं नाव वाचायचं नाही हे काही बरोबर नाही. पगारासाठी तर आपण सगळेच जातो.

निवृत्त_गार्ड

तापी_पूर्णा ह्यांच्या प्रश्नात दम आहे पण उत्तर इतकं सरळ नाही. मी रेल्वेत असताना रात्रपाळीत ह्या विषयावर पुष्कळ वाचन केलं म्हणून थोडं लिहितो.

ईपरजवळ ३१ ऑक्टोबर १९१४ ला होलेबेक गावापाशी खुदादाद खान ह्या बलुची पलटणीच्या शिपायाने मशीनगन चालू ठेवली, बरोबरचे सगळे मेले, तो जखमी अवस्थेत सरपटत परत आला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालेला तो पहिला हिंदी सैनिक. पुढे २२ एप्रिल १९१५ ला ह्याच भागात जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, पश्चिम आघाडीवर असा मोठा वायुहल्ला पहिल्यांदाच. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनला तिथे उलट हल्ल्याला पाठवलं. मास्क वगैरे काही नव्हते, तोंडावर ओलं फडकं. त्या दिवशी मीर दस्त ह्या जमादाराने अधिकारी पडल्यावर तुकडी सांभाळली, जखमींना ओढून आणलं, स्वतः वायूने कायमचा आजारी झाला, त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता गंमत बघा. ह्याच मीर दस्तचा भाऊ मीर मस्त, तोही त्याच सैन्यात, त्याआधी दीड-दोन महिने, मार्च १९१५ मध्ये, आपली काही माणसं घेऊन रात्री खंदक ओलांडून जर्मनांकडे निघून गेला होता. एका घरातले दोघे. एक कमानीच्या बाजूचा आणि एक पलीकडचा. म्हणून म्हणतो, ती माणसं काही बैलासारखी दावणीने नेलेली नव्हती, त्यांनाही डोकं होतं, आणि प्रत्येकाने आपापला हिशोब केला होता.

नंदुरबारी_मिरची

गार्डकाका, हे मीर मस्तचं माहीतच नव्हतं! मेहरूणकर काका, गाईडने हे सांगितलं का?

मेहरूणकर

नाही ताई. खुदादाद खानचं नाव घेतलं, ते पण मी छेडल्यावर. त्यांच्या व्हॅनमध्ये बहुतेक इंग्रज, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन असतात, त्यांच्या त्यांच्या पलटणीचं त्यांना सांगतात. म्हणून माझा सल्ला असा, बुकिंग करतानाच ईमेल टाका की आम्ही भारतीय आहोत, आम्हाला हिंदी सैन्याबद्दल ऐकायचंय. चांगला गाईड असेल तर तयारी करून येतो. मेनिन गेटच्या बाजूला तटबंदीवर चढलं की गवतात भारतीय सैन्याचं छोटं स्मारक आहे, वर चार सिंह, तिथेही न्यायला सांगा. दोन मिनिटांवर आहे, पण कोणी आपणहून नेत नाही.

आणि एक राहिलं सांगायचं. एका शेताच्या कडेला व्हॅन हळू केली आणि काचेतून दाखवलं, विजेच्या खांबाच्या बुडाशी गंजलेला तोफगोळा ठेवलेला, हातभर लांब. नांगरताना निघतो, शेतकरी तो उचलून रस्त्याकडेला ठेवतो आणि फोन करतो, मग सैन्याची गाडी येऊन गोळा करून नेते. अजून. शंभर वर्षांनी. कोणालाही खाली उतरू दिलं नाही. त्याने खिशातून एक शिशाची गोळी काढून मात्र सगळ्यांच्या हातात दिली, रिठ्याएवढी, पण वजन असं की तळहात आपोआप खाली जातो. एका गोळ्यात अशा शेकडो भरलेल्या असायच्या आणि तो डोक्यावर हवेत फुटायचा.

अंमळनेरी

भो, भारी लिखं तुम्हीन. मना एकच प्रश्न से, आपला मराठा पलटणीसना लोके तठे होतात का?

निवृत्त_गार्ड

अंमळनेरी भाऊ, मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आजचा इराक. तिथे कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, १०३ आणि ११० मराठा अडकल्या, उपासमारीने शेवटी २९ एप्रिलला शरणागती, आणि नंतर कैदेत चालवून चालवून मारले ते वेगळंच. त्यांचं स्मारक बसऱ्याला. आपल्या भागात कोणाच्या घरी पणजोबांचं पदक किंवा गोल ब्राँझची पाटी असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव आणि पलटण टाकून शोधता येतं, फुकट आहे. नावाचं स्पेलिंग मात्र चारपाच प्रकारे टाकून बघा, कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलंय. आणि एवढं लांब जायचं नसेल तर पुण्याला खडकीला युद्ध स्मशानभूमी आहे, तिथेही पहिल्या महायुद्धातल्या १,८०० च्या वर लोकांचं स्मारक आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसा, सकाळी उतरा.

फ्रान्समध्ये ईपरपासून फार लांब नाही असं नव शापेल आहे, तिथे फक्त हिंदी सैनिकांचं स्मारक, १९२७ चं, ४,७०० च्या वर नावं. एक दिवसाच्या सहलीत ते सहसा नसतं. दोन दिवस असतील तरच.

नंदुरबारी_मिरची

आम्ही मागे मुलांना घेऊन द्रासला गेलो होतो, कारगिलमध्ये मुक्काम करून. तिथला अनुभव ह्याच्या अगदी उलट. तिथे जमीनच सगळं सांगते. स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी, मान वर करा, शिखर समोर. स्मारकावर ड्युटीला असलेला जवान बोटाने दाखवतो हे तोलोलिंग, १३ जून १९९९ ला घेतलं, तो टायगर हिल, ४ जुलैला, आणि खाली तुम्ही आलात तो श्रीनगर-लेह हायवे, वरून त्याच्यावर गोळे पडायचे. माझा धाकटा नऊ वर्षांचा, तो म्हणाला मम्मी वरून तर आपली गाडी पण दिसत असेल. त्याला समजलं! कोणी लेक्चर दिलं नाही. तो जवान सांगताना आवाज चढवत नाही, शिव्या देत नाही, नुसतं कोण कुठून चढलं ते सांगतो. आमच्या मागे एक ग्रुप घोषणा देत होता तर त्यांना त्याने हाताने शांत बसवलं.

तापी_पूर्णा

ताई, द्रास मला मान्य. ती आपली लढाई.

लळिंग

उशिरा आलो. मी धुळ्याचा, इतिहास शिकवतो. तापीभाऊंनी "आपली लढाई" काढली म्हणून बोलतो. आपली लढाई बघायला द्रासला किंवा बेल्जियमला जायची गरज काय, जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं अशा अंतरावर असई आहे. इथे किती जण गेलेत? अजिंठ्याला सगळे पन्नास वेळा गेले असतील, वर घाट चढून थोडं पुढे कोणी जात नाही.

२३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वेलिंग्टन झाला आणि ज्याने नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं. त्याला म्हातारपणी विचारलं तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती तर त्याने असईचं नाव घेतलं, वॉटर्लूचं नाही. म्हणजे त्या माणसाला जे ठिकाण आयुष्यभर आठवत होतं ते आपल्या पोरांना माहीत नाही.

मेहरूणकर काकांनी जे टाइन कॉटला पाठ करून उभं राहायचं लिहिलं ना, तसंच इथे करता येतं. केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांचा संगम आहे, मधे पाचरीसारखी जमीन. शिंद्यांचं सैन्य केळणेच्या उत्तर काठाने लांबलचक पसरलेलं, तोंड दक्षिणेला. वेलस्लीचा दुसरा सेनापती स्टीव्हन्सन वेगळ्या वाटेने येत होता, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून हल्ला करायचा बेत होता, पण वेलस्लीला नळणीपाशी कळलं की मराठे इथेच आहेत आणि तो थांबलाच नाही. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी. वाटाडे म्हणाले नदी पायी ओलांडता येईल असा दुसरा उतार नाही. त्याने लांबून बघितलं, नदीच्या अल्याड एक गाव, बरोबर पल्याड एक गाव, पिंपळगाव आणि वरूड. म्हणाला एवढ्या जवळ समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मधून माणसं ये-जा करत असणारच. आणि उतार निघाला. तिथून तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर उतरला.

आता पुढचं कोणी सांगत नाही. वेलस्लीची समजूत होती की एवढं सैन्य काही तोंड फिरवू शकणार नाही. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन होता, त्याच्या कवायती पलटणी, सगळे आपले देशी शिपाई, त्यांनी तोफांसकट काटकोनात तोंड फिरवलं आणि दोन नद्यांच्या मधे नवी ओळ बांधली, उजवीकडे केळणा आणि डावीकडे असई गाव. शत्रू अंगावर येत असताना! वेलस्लीच्या ७४ नंबरच्या हायलँडर पलटणीचा असई गावासमोर जवळजवळ निकाल लागला. कंपनीच्या सैन्यातले ४२८ मेले, १,१३८ जखमी. वेलस्लीचाही घोडा पडला. मराठी गोलंदाज असे की इंग्रज अंगावरून पुढे गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, मग उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. ९८ तोफा शेवटी इंग्रजांच्या हाती लागल्या.

हरलो का, तर घोडदळ बाजूला उभं राहिलं, शिंदे-भोसले दोघे लवकर निघून गेले, आणि लढाईच्या आधीच बरेच इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले होते. शिपाई कमी पडला नाही.

शेवभाजी

सर अंगावर काटा आला. हे आम्हाला पुस्तकात दोन ओळीत होतं, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, तहाची कलमे लिहा.

भोकरदनकर

मी त्याच बाजूचा, बरीच वर्षं भुसावळला नोकरीला आहे. लळिंग सरांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. असईला जाताना एक लक्षात ठेवा, सप्टेंबरात, म्हणजे लढाई झाली त्याच सुमाराला गेलात तर कपाशी आणि मका डोक्याएवढा, काही दिसणार नाही आणि रान चिखलाचं, गाडी फसेल. खरीप निघाल्यावर या. दिवाळीनंतर जमीन मोकळी होते तेव्हा नदीचं वळण आणि उंचवटे नीट कळतात. शेतात शिरताना मालकाला विचारा, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, उलट पाणी विचारतील. आणि धातू शोधायची मशीन वगैरे घेऊन कोणी येऊ नका. आमच्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात नांगराला गोळे लागल्याच्या गोष्टी होत्याच.

तापी_पूर्णा

सर, एक विचारतो. ईपरच्या भिंतीवर शिपायाचं नाव आहे. असईला शिंद्यांकडून जे मेले त्यांची नावं कुठे?

लळिंग

कुठेच नाहीत भाऊ. वेलस्लीने पत्रात लिहिलं की शत्रूचे १,२०० मैदानावर मरून पडले. एवढंच, गोल आकडा. कंपनीच्या बाजूचा हिशोब मात्र एकेका माणसापर्यंत, किती हरवले ते सुद्धा, १८. आणि कंपनीच्या बाजूनेही बहुतेक देशीच शिपाई होते हे विसरू नका, मद्रासचे. आज आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती आहे तो असईच्या लढाईचाच हत्ती. म्हणजे हरलेलेही आपले आणि जिंकलेल्यांचा बिल्लाही आता आपल्या सैन्याकडे. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं एकमेकांकडे बघतात.

ज्यांना कागदपत्रात रस आहे त्यांनी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जरूर जावं.

मेहरूणकर

सर, मग काढायची का सहल? मी ईपरला शंभर युरो दिले, तुम्हाला चहा आणि मांडे देतो, तुम्ही गाईड व्हा.

अंमळनेरी

मी बी येस! मना नंबर लाई ठेवा. जेवाले काय भेटी?

लळिंग

येतो की. पण माझी एक अट आहे, मला पाच-सहा तास लागतील आणि मधे कोणी अजिंठा लेणी उरकून घेऊ म्हणायचं नाही. लेण्यांना वेगळा दिवस द्या. हवं तर परत येताना अजिंठा गावात थांबू, असईचे इंग्रज जखमी तिथेच आणले होते.

आणि ज्यांना जमिनीवर चालवत नाही त्यांच्यासाठी थाळनेर सुचवतो, शिरपूरकडचं, तापीच्या काठावर. २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रज सेनापती हिस्लॉपने तो किल्ला घेतला, आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मारलं म्हणून किल्लेदाराला फाशी दिलं, बोलणी चालू असताना गोंधळ झाला की दगा झाला ह्यावर पुढे लंडनच्या पार्लमेंटातही वाद झाला. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. किंवा बऱ्हाणपूर करून असीरगड, असई झाल्यावर महिन्याभरात, ऑक्टोबर १८०३ मध्ये, स्टीव्हन्सनने आधी बऱ्हाणपूर आणि मग असीरगड घेतला. पण तिथे चढायला लागतं, शेवभाजींच्या नानांना नको.

तापी_पूर्णा

मी पण येतो. माझी आठ सीटची गाडी आहे. डिझेल वाटून घेऊ.

नंदुरबारी_मिरची

मुलांना आणलं तर चालेल का सर? आणि बायकांची सोय म्हणजे टॉयलेटचं आधी बघून ठेवा, पुरुष मंडळी हे कधी विचारत नाहीत.

भोकरदनकर

ताई, टॉयलेटसाठी भोकरदनलाच थांबा, पुढे भरवसा नाही. जेवणाचं माझ्याकडे सोडा, मावशीकडे सांगतो, कळण्याची भाकरी आणि ठेचा, वांग्याचं भरीत तुमच्या असोद्याचं आणा. मुलांना आणाच, नदीत पाणी कमी असतं तेव्हा, उतारातून चालत पलीकडे जाता येतं का ते तेच आधी शोधतील.

लळिंग

मुलं चालतील, फक्त मोबाईल गाडीत ठेवतील ही अट. मी जुन्या लढाईच्या नकाशाच्या मोठ्या झेरॉक्स काढून आणतो, दोघात एक. रस्ता जळगाव, पहूर, फर्दापूर, घाट, मग भोकरदनच्या बाजूला. सकाळी सहाला निघायला हवं, उन्हाच्या आत उतार बघायचाय. साडेसहा म्हणजे साडेसात होतात, म्हणून सहा.

शेवभाजी

सहा म्हणजे नानांना पाचला उठवावं लागेल. त्यांना सांगितलं तर ते आत्ताच बॅग भरून बसलेत. धुळ्याहून सर जळगावला आदल्या रात्री येणार असतील तर आमच्याकडे मुक्काम करा, रिंगरोडला आहे.

मेहरूणकर

झालं मग. दिवाळीनंतरचा रविवार ठरवू, तुळशीच्या लग्नाच्या गडबडीआधी की नंतर ते भोकरदनकर मका निघाल्याचं कळवतील त्यावर. ज्यांना यायचंय त्यांनी खाली फक्त किती माणसं आणि कुठून बसणार तेवढं लिहा, बाकी चर्चा करू नका नाहीतर यादी सापडत नाही.

अंमळनेरी

दोन जण, अंमळनेरहून. पारोळा फाट्यावर उभे राहतो. आणि तापीभाऊ, गाडीला एसी से ना?